दीड इंची वीणेकरी

मित्रांनो, मी एक जुना, धातूचा गवई आहे. उंची म्हणाल तर पायाखालच्या चकतीसकट दीड इंच. टेबलावर डोंगर, नद्या आणि किल्ले मांडून, फासे टाकून ज्या लढाया खेळतात, त्यांत सोंगट्यांच्या जागी आमच्यासारखी माणसं उभी करतात. कोणी तलवारवाला असतो, कोणी जादूगार. मी गाणारा. साच्यात कथील ओतलं तेव्हाच माझं तोंड किंचित उघडं होतं, मान डावीकडे कललेली होती आणि एक पाऊल पुढे पडलेलं होतं. हातात परदेशी धाटणीचं एक बुटकं तंतुवाद्य होतं. आजवर माझ्या अंगावर तीनदा रंग चढला आणि तीनदा उतरला. चौथा अजून आहे. मला सांगायची आहे ती या चौथ्या रंगाची कथा. पण कीर्तनात बुवा एकदम आख्यानाला हात घालत नाहीत, म्हणून मीही जरा मागून येतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आम्हाला ऐकू पहिल्या दिवसापासून येतं, स्पर्शही कळतो. दिसत मात्र नाही. कोणीतरी बारीक कुंचल्याने डोळे काढले की दिसू लागतं, आणि रंग उतरला की ते दिसणं त्याच्याबरोबर जातं.

माझ्या पहिल्या मालकाने खिडक्यांना लावून उरलेल्या लाल तैलरंगात मला डोक्यापासून पायापर्यंत बुडवलं आणि काढलं. डोळ्यांचा प्रश्नच नव्हता. माझ्या कपड्यांच्या चुण्या त्या रंगात भरून गेल्या, बोटं एकमेकांना चिकटली. मग बरीच वर्षं बिस्किटांच्या डब्यात गेली. डबा हलला की आम्ही एकमेकांवर आपटायचो, तेवढीच काय ती सोबत.

स्वारगेटजवळ एका हॉलमध्ये असे खेळ खेळणाऱ्यांचा मेळावा भरला होता. तिथे तो डबा अभिनवने विकत घेतला. अभिनव यवतमाळचा. कंपनीत नोकरी आणि वाघोलीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली. घरी नेऊन त्याने आम्हाला एका बरणीत थिनरमध्ये सोडलं. रंग उतरवायचा म्हणजे काय, हे मी तेव्हा शिकलो. आधी गार लागतं, मग लाल साल सुरकुतते, आणि मग जुन्या टूथब्रशने हळूहळू घासायचं. माझी बोटं सुटी झाली. मला इतकं हलकं वाटलं, की मी गातच होतो म्हणा ना!

पण मित्रांनो, त्याच बरणीत माझ्या शेजारी एक तिरंदाज होता. तो प्लॅस्टिकचा, हे अभिनवच्या लक्षात आलं नाही. धातूला थिनर चालतो. प्लॅस्टिकचं त्यात पिठलं होतं. डब्यात इतकी वर्षं त्याचं धनुष्य माझ्या पाठीला टोचायचं. ते टोचणं बरणीत मऊ झालं आणि मग नाहीसं झालं. अभिनव दोनदा “सॉरी यार” म्हणाला. अजूनही कधी कधी मला पाठीला काही टोचावं असं वाटतं.

उघड्या धातूवर रंग ठरत नाही. बोट लागलं की निघतो. म्हणून आधी प्रायमर मारावा लागतो. फवाऱ्याचा डबा टकटक हलवायचा आणि वीतभर अंतरावरून पातळ थर द्यायचा. पाहणाऱ्याला त्यात काही गंमत दिसत नाही, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं. कीर्तनातल्या पूर्वरंगासारखंच ते. लोक आख्यानाला येऊन बसतात, पण पाया घातलेला असतो आधीच्या निरूपणाने.

अभिनवने मला निळा झगा दिला, तपकिरी बूट दिले, आणि शेवटी डोळे. पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका. जगात मी पहिलं काय पाहिलं असेल, तर श्वास रोखून माझ्यावर वाकलेला अभिनवचा चेहरा. पुढची चार वर्षं सुखाची गेली. दर रविवारी त्याच्या ऑफिसातले नम्रता आणि समाधान खेळायला यायचे. खेळात मी गायलो की सैनिकांना बळ चढायचं, असा नियम होता. “गवई पडला तर गेम गेला,” म्हणून मला सगळ्यांच्या मागे, सांभाळून ठेवायचे. मग कामं वाढली, रविवार गळत गेले, आणि मी खिडकीच्या कट्ट्यावर धूळ खात उभा राहिलो. डोळे उघडे, समोर रस्त्यावरचे डंपर.

तिथेच मला मुक्ताबाईंनी पाहिलं.

मुक्ताबाई म्हणजे अभिनवच्या घरमालकीण. वाघोली गाव होतं तेव्हा त्यांच्या शेतात ज्वारी उभी असायची. आता त्याच जागेवर ही तीन मजली इमारत आहे आणि तळमजल्यावर त्या एकट्या राहतात. अभिनव त्यांना काकू म्हणतो. त्याची बेंगळुरूला बदली झाली होती, महिनाभराने खोली सोडायची होती, आणि खोकी भरायला सुरुवात झाली होती. काकू रिकामी खोकी घेऊन वर आल्या आणि कट्ट्यापाशी थांबल्या.

“आरं, हा वीणेकरी कुणी केलाय?”

“वीणेकरी नाही काकू, परदेशातला भाट आहे तो. खेळातला.”

“आसंल. पर उभा आमच्या ह्यांच्यावानीच हाय.”

त्यांनी मला उचललं. त्यांच्या हाताला बुक्क्याचा वास होता. ‘हे’ म्हणजे त्यांचे यजमान, जयसिंगराव. तीस वर्षं गावच्या सप्ताहात वीणेचा पहारा करायचे. जाऊन पाच वर्षं झाली होती.

“वीणा घेतलेला एकबी फोटू न्हाई त्यांचा,” काकू म्हणाल्या. “सप्ताहाच्या फोटूत बुवा आस्त्यात, जेवण देणारे आस्त्यात, पुढारी आस्त्यात. वीणेकरी कडंला, निम्मा कापलेला. मला एकदा तसं उभं बघायचं होतं त्यांना.”

त्या हे सहज बोलल्या आणि खोकी ठेवून जायला निघाल्या. अभिनव दारापर्यंत गेला. “काकू, मी बनवून देतो. जायच्या आधी.”

असा माझा निळा झगा उतरला, आणि त्याच्याबरोबर डोळेही गेले. या वेळी मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ज्या हाताला बुक्क्याचा वास होता, त्या हातासाठी हे चाललं आहे, एवढं माहीत होतं. अभिनवने माझं बुटकं वाद्य कापून काढलं. नळ गळायला लागला की दोन गोळ्या मळून जी पुट्टी लावतात, तिचा ज्वारीच्या दाण्याएवढा भोपळा केला, पितळी तारेचा दांडा केला, आणि ती वीणा माझ्या हाताला गोंदाने चिकटवली. पुट्टीचं पागोटं बांधलं. मग गच्चीवर नेऊन काळा प्रायमर मारला, कारण या खेळातली माणसं सवयीने काळाच मारतात. चेहऱ्यासाठी काकूंच्या भिंतीवरचा फोटो समोर ठेवला. तो आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला होता.

डोळे आले आणि लगेच मी काकूंच्या तळहातावर गेलो. त्यांनी चष्मा पुसला. मला दूर धरलं, जवळ धरलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि तो चेहरा माझ्या देखत विझला.

“छान झालंय,” त्या म्हणाल्या.

“काकू, खरं सांगा.”

“हे आधार कार्डावरचे हायत, बाळा. वीणेवरचे न्हाईत.”

“काय चुकलंय?”

“ते मला सांगता आलं आसतं, तर मीच न्हसतं का केलं?”

अभिनवला वाटलं, रंग जास्त काळवंडला. त्याने वरून उजळ हात दिले, मिशी पांढरी केली, डोळे पुन्हा काढले, अधिक टपोरे, अधिक जिवंत. त्या टपोऱ्या डोळ्यांनी मी काकूंचा चेहरा दुसऱ्यांदा विझताना पाहिला. या वेळी त्यांनी नुसतं माझ्या पागोट्यावरून बोट फिरवून मला परत दिलं. मित्रांनो, मला खेळात कितीदा तरी मारलं आहे, फाशावर एक पडला की आडवं पाडलं आहे. पण असा मार मला कधी लागला नव्हता. एकदा, फक्त एकदा, हा चेहरा उजळताना पाहायला मिळावा, एवढंच मी मागत राहिलो.

शेवटचा रविवार उजाडला. सोमवारी टेम्पो येणार होता. नम्रता आणि समाधान सामान बांधायला मदतीला आले होते.

“याच्या तोंडावर थरावर थर बसलेत,” नम्रता मला न्याहाळत म्हणाली. ती पेठेतली, तिचं बोलणं मोजकं आणि धारेचं. “जयसिंगराव कमी आणि उकडीचा मोदक जास्त दिसतोय.”

“पूर्ण काढावं लागेल,” अभिनव म्हणाला. “आज संध्याकाळपर्यंत जमलं तर जमलं.”

सकाळचे आठ वाजले होते. खिडक्या उघडल्या, हातमोजे चढवले, आणि मी पुन्हा बरणीत गेलो. डोळे गेले. इथून पुढचं सारं मी ऐकून सांगतो आहे.

थिनरने रंग सुटला तसा गोंदही सुटला. माझ्या हातातून वीणा निसटली आणि बरणीच्या तळाशी जाऊन टिंग वाजली. अभिनवने ती चिमट्याने काढली, धुतली आणि वर्तमानपत्रावर ठेवली. नेमक्या त्याच वेळी काकू धपाट्यांचा डबा घेऊन दारात आल्या.

“आरं! वीणा खाली ठिवली?”

“काकू, गोंद सुटला. परत चिकटवतो ना.”

“खाली ठिवलीस?”

डबा टेकल्याचा आवाज आला, आणि काकूंची पावलं भराभर आत आली. वर्तमानपत्र सळसळलं, त्यांनी वीणा उचलली. मग काकूंचा आवाज, जरा ओशाळलेला. “मला कळतंय, खेळण्यातली हाय. पर सप्ताह बसला की सात दिस वीणा भुईला टेकत न्हाई. एकाच्या हातातनं दुसऱ्याच्या हातात. घेनाऱ्यानं देनाऱ्याच्या पाया पडायचं, देनाऱ्यानं घेनाऱ्याच्या. एवढं तीस वर्षं मी बघितलंय. आता ह्याच्या हातात परत देईस्तवर मी धरते. तुमचं चालू द्या.”

“किती वेळ लागेल माहितीये का काकू?” समाधानने विचारलं. “प्रायमर सुकणार, रंग सुकणार, संध्याकाळ होईल.”

“होऊ दे.”

सेफ्टी पिनेएवढी वीणा. ती दोन बोटांच्या चिमटीत धरून काकू उभ्या राहिल्या. टूथब्रशने माझी मान घासली जात होती आणि वरून हळू आवाजात ‘राम कृष्ण हरी’ ऐकू येत होतं. अर्ध्या तासाने काकूंच्या गुडघ्याची कळ त्यांच्या श्वासात ऐकू यायला लागली.

नम्रता उठली. “द्या काकू. पुढचा पहारा माझा.”

“तुला यील?”

“काय म्हणायचं असतं?”

“राम कृष्ण हरी. तीनच शब्द हायत. इंजिनेर हायस ना?”

“म्हणूनच विचारून घेतलं.”

कपड्यांची सळसळ झाली. काकू नम्रताच्या पाया पडायला वाकल्या असाव्यात, कारण नम्रता एकदम, “अहो काकू, नको, प्लीज,” म्हणाली. काकूंनी सांगितलं, “तुझ्या न्हाई पडत. वीणेच्या पडते. गप उभी ऱ्हा.” ती गप उभी राहिली. तिच्या बोलण्यातली धार गेली, आणि ते तीन शब्द ती एखाद्या परीक्षेला बसल्यासारखे म्हणू लागली.

मला गच्चीवर नेलं. तिथेही अभिनवने घाई केली नाही. रस्त्यावर डंपर गेला की धूळ बसेपर्यंत थांबायचं, आणि मग फवारा. या खेपेला राखाडी प्रायमर, पातळ, दोन हात. अंगावर ऊन होतं. हात मात्र रिकामे होते. इतकी वर्षं त्या हातांत काही ना काही होतं. आज बोटं कशाला तरी वळलेली आणि मध्ये नुसती हवा. खालच्या मजल्यावरून पहाऱ्याचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, माझी वीणा बोलावते आहे.

दुपारी पहारा समाधानकडे होता. त्याचा फोन वाजला. नम्रताने तो त्याच्या कानाला लावला.

“आई, मी वीणा धरून उभा आहे,” समाधान म्हणाला. “वीणा. अगं, वाजवायची. नाही आई, प्यायलो नाही. दिवसाढवळ्या कोण पितं?”

काकू इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. जयसिंगराव गेल्यापासून आपण एवढं हसलो नव्हतो, असं त्या नंतर म्हणाल्या.

पाच वाजत आले. धोतर झालं, सदरा झाला, पागोटं झालं. गालांवर गव्हाळ रंगाचे पातळ हात झाले. अभिनवचा श्वास माझ्या तोंडावर यायला लागला, तेव्हा मी ओळखलं, डोळ्यांची वेळ झाली. माझं सगळं अंग त्या दोन ठिपक्यांची वाट पाहत होतं. ते आले, की समोर काकू असतील. या वेळी जमलं असेल. या वेळी तो चेहरा उजळेल.

पहारा पुन्हा काकूंकडे आला होता. त्यांचा आवाज आता खोल गेला होता, जणू खोलीत कोणी नाहीच. एकाएकी अभिनवचा श्वास थांबला. कुंचला माझ्यापासून दूर गेला.

“काकू,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही डोळे मिटून उभ्या आहात.”

“मंग?” काकू जागेवरूनच म्हणाल्या. “वीणा हातात आली की डोळं उघडं कुणाचं ऱ्हात्यात?”

“काकांचे?”

काकूंचा श्वास लांबलेला ऐकू आला.

“त्येंचं तर कधीच न्हाई,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या सप्ताहात त्येंच्या नंतरचा पहारेकरी आलाच न्हाई. पाय सुजलेले. चार तास उभे. मी म्हणलं, द्या हिकडं. बायामाणसानं वीणा घ्यायची रीत तवा न्हवती आमच्यात. पर दिली त्यांनी. देतानाबी डोळं उघडलं न्हाईत. हातावरनं वळखलं मला.”

“आणि हा तीन आठवडे आधार कार्डाकडे बघतोय,” नम्रता म्हणाली. “आपण तिघंही गाढव.”

मित्रांनो, अभिनवचा कुंचला परत आला. पांढरा ठिपका आला नाही. काळाही आला नाही. पापणीच्या जागी एक बारीक तपकिरी रेघ आली, मग दुसरी. अंधार होता तो तसाच राहिला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, थांब, एकच डोळा तरी दे! पण माझं तोंड गाण्यासाठी उघडं आहे, बोलण्यासाठी नाही. आणि खरं सांगू का? त्या दोन रेघा सुकल्या, तसा माझ्या कललेल्या मानेचा अर्थ मला पहिल्यांदा कळला. साच्यातून निघालो त्या दिवसापासून मी ऐकण्यासाठीच मान कलती केलेली होती.

हाताला गोंदाचा थेंब लागला. अभिनव म्हणाला, “काकू, आता तुमच्या हातून.”

काकूंनी आधी माझ्या चकतीवर कपाळ टेकलं. मग वीणा माझ्या बोटांत आली आणि गोंद धरेपर्यंत त्यांची बोटं तिथेच राहिली. त्यांनी हात काढला. मागे सरकल्याचा आवाज आला. चष्मा पुसल्याचा आवाज आला. सगळे जण श्वास धरून होते, आणि मी त्या सगळ्यांत एकटाच असा, ज्याला दिसत नव्हतं.

“अहो,” काकू म्हणाल्या. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. “पाय दुखत आस्तील. बसा म्हणलं तर बसायचं न्हाई तुम्ही.”

समाधान नाक शिंकरायला बाल्कनीत गेला.

आता मी काकूंच्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असतो. सकाळी त्या मला मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडतात. ओलं फडकं लावत नाहीत. अभिनवने जाताना तसं बजावलं होतं. दुपारी फोनवर कीर्तन लावतात, आणि बुवा रंगात आले की मलाच विचारतात, “कसं हाय? आपल्या बुवांएवढं न्हाई ना?” अभिनवचा अधूनमधून फोन येतो. मी ऐकतो. त्या दिवशी काकूंचा चेहरा कसा दिसत होता, हे मात्र कोणी मोठ्याने सांगत नाही, कारण सगळ्यांनी तो पाहिलेला आहे. मी मनातल्या मनात तो रोज काढतो. रोज थोडा वेगळा निघतो.

मित्रांनो, तुमच्या हातात आमच्यासारखं कोणी आलं, तर एवढं ऐका. थिनर हाताळताना मोठं माणूस जवळ असू द्या, खिडकी उघडी ठेवा. धातू आहे की प्लॅस्टिक, ते आधी पाहा. बरणीत गेलेला सोबती परत येत नाही. घासायचं तर हलक्या हाताने घासा, कारण रंगाखाली बोटं असतात, चुण्या असतात, कोणाची तरी मान असते. आणि बरणीचं झाकण उघडण्याआधी एकदा विचारा, की हा रंग कोणासाठी दिलेला आहे.

मला अजूनही डोळे हवेसे वाटतात, नाही कशाला म्हणू? मिळायला कठीणही नाहीत. एक बरणी, थोडा थिनर, एक हात प्रायमर आणि दोन ठिपके. पण कोणी तसं करायला आलंच, तर माझ्या वतीने तुम्ही त्याला सांगा, नको. काकू नुकत्याच जेवून आल्या आहेत आणि माझ्यासमोर बसून सांगत आहेत, की आज भाजीत मीठ जरा जास्त झालं, तुम्ही असता तर बोलला असतात.